डाव्या बरगडीखाली

भाद्रपदाचे ऊन पडू लागले आणि साचलेल्या पाण्यावर डासांचा अंमल सुरू झाला, म्हणजे चेंबूरच्या दवाखान्यांत तापकऱ्यांची रीघ लागते. आणि ज्या डॉक्टरांच्या हाताला जुने वळण आहे ते रक्ततपासणीची चिठ्ठी लिहून देण्यापूर्वी रोग्याला उताणे निजवतात, गुडघे दुमडावयास सांगतात, आणि ओटीपोटाच्या उजव्या बाजूपासून तिरकस वर सरकत आपला हात डाव्या बरगड्यांच्या कडेपर्यंत नेऊन, रोगी दीर्घ श्वास घेत असता, बोटांच्या टोकांना काही टेकते का याची चाचपणी करतात. ते प्लीहा शोधत असतात. जुन्या पिढीच्या तोंडी ती पाणथरी. निरोगी माणसाची पाणथरी सहसा हाताला लागत नाही. मुठीएवढा, दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा, जांभळट रंगाचा हा मऊ अवयव नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या मागच्या अंगाला दडलेला असतो, आणि नेहमीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट झाल्याखेरीज तो बरगडीच्या खाली उतरत नाही.

यकृत निकामी झाले तर माणूस वाचत नाही, हृदय थांबले तर घटकाभरही निभत नाही. परंतु प्लीहा काढून टाकली तरी माणूस चार आठवड्यांनी हिंडूफिरू लागतो, कामावर रुजू होतो, संसारात रमतो. एवढ्या एका गोष्टीवरून ‘नसली तरी अडत नाही’ असा शेरा या अवयवाच्या नावे पडला, तो वैद्यकातही दीर्घकाळ वावरला आणि लोकांच्या समजुतीत तर अजून कायम आहे. हा शेरा चुकीचा आहे, आणि तो घातकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी दूरच्या देशांचे दाखले शोधण्याची फारशी गरज नाही. चेंबूरच्या जमिनीत, तिथल्या पाण्यात आणि तिथे येऊन वसलेल्या माणसांच्या रक्तात त्याचे बरेचसे पुरावे आहेत.

प्राचीन वैद्यांना या अवयवाची काही कल्पना होती. चरकाने रक्तवह स्रोतसांचे मूळ म्हणून यकृत आणि प्लीहा या दोहोंचा निर्देश केला आहे, आणि उदररोगांच्या प्रकरणात प्लीहा वाढून पोट डाव्या बाजूने उचलले जाते त्या प्लीहोदराचे वर्णन केले आहे. ग्रीक वैद्यकाने तिला काळ्या पित्ताचे आणि त्यातून उद्भवणाऱ्या विषण्णतेचे अधिष्ठान मानले. या दोन कल्पनांपैकी रक्ताशी नाते जोडणारी कल्पना सत्याच्या अधिक जवळची ठरली.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे विसावा हिस्सा सतत या लहानशा अवयवातून वाहत असतो. आत गेल्यावर त्यातील काही रक्त नेहमीच्या केशवाहिन्या सोडून एका स्पंजासारख्या जाळीत मोकळे सुटते. या भागाला तांबडा गर म्हणतात. तेथून पुन्हा शिरेच्या प्रवाहात परतायचे तर भिंतीतील अत्यंत अरुंद फटींतून स्वतःला चेपून घेत पलीकडे निघावे लागते. तांबड्या पेशीचा व्यास सात ते आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातआठ पट. आणि फट एकदोन मायक्रॉनांची. तरुण, लवचीक पेशी या फटीतून सहज निसटते. जी पेशी एकशेवीस दिवसांचे आपले आयुर्मान संपवून ताठर झाली आहे, किंवा जिचा आकारच जन्मतः बिघडलेला आहे, ती अडकते, आणि तिथे पाळतीवर असलेल्या भक्षक पेशी तिला गिळून तिच्यातील लोह पुन्हा उपयोगासाठी मोकळे करतात. शहराच्या वेशीवर जकात नाका असे, तिथे प्रत्येक गाडी थांबवून मालाचा तपशील पाहिला जाई, काही माल उतरवून घेतला जाई आणि गाडी पुढे सोडली जाई. प्लीहेतही तसाच प्रकार घडतो, कारण पेशी चांगली असून तिच्या पोटात केंद्रकाचा एखादा उरलेला कण किंवा हिवतापाचा जंतू असेल तर तेवढाच काढून घेऊन पेशीला पुढे जाऊ देण्याचे कौशल्यही तिच्यापाशी आहे. प्लीहा काढलेल्या माणसाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तांबड्या पेशींत ते केंद्रकाचे ठिपके तसेच राहिलेले दिसतात, आणि शस्त्रक्रियेचा कागद हरवला असला तरी अनुभवी तपासनीस त्यावरून ती झाल्याचा अंदाज बांधू शकतो.

या तांबड्या गरात बेटांप्रमाणे विखुरलेला पांढरा गर असतो, आणि रोगप्रतिकाराचे काम मुख्यतः तिथे चालते. लसीका ग्रंथी ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवाची झडती घेतात. थेट रक्तात शिरलेल्या जंतूची झडती घेणारे सर्वांत मोठे ठाणे प्लीहा हे आहे. न्यूमोनियाचा न्यूमोकोकस, मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जंतूंच्या अंगावर शर्करेचे निसरडे कवच असते, आणि त्यामुळे भक्षक पेशींना ते सहजी पकडता येत नाहीत. त्या कवचाला चिकटून जंतूला ओळखू येण्याजोगा करणारी प्रतिपिंडे तातडीने तयार करण्याची क्षमता ज्या पेशींत आहे, त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने प्लीहेच्या पांढऱ्या गराच्या सीमेवर असते. याखेरीज शरीरातील एकूण प्लेटलेटांपैकी सुमारे एक तृतीयांश प्लीहेत राखीव असतात. आणि जखम झालेल्या ऊतीकडे धावणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचीही मोठी शिबंदी तिथे सज्ज असते, हे तर २००९ साली उघड झाले. आग्नेय आशियातील बाजाऊ लोक पिढ्यान् पिढ्या श्वास रोखून समुद्रतळाशी मासेमारी करीत आले. त्यांच्या प्लीहा शेजारच्या जमिनीवर राहणाऱ्या समाजापेक्षा सुमारे निम्म्याने मोठ्या असल्याचे २०१८ मध्ये आढळले, कारण बुडी मारताच प्लीहा आकुंचन पावते आणि प्राणवायूने भरलेल्या तांबड्या पेशींची शिल्लक प्रवाहात सोडते. ज्या अवयवाला निरुपयोगी ठरवले गेले त्याची ही कामगिरी आहे.

आता चेंबूरकडे वळू. साष्टी आणि तुर्भे यांच्या दरम्यानचा हा मुलूख एका बाजूला टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला खाडीची दलदल अशा बेचक्यात वसलेला आहे. कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत १९०६ साली रूळ पडले ते प्रवाशांसाठी नव्हे. मुंबई शहराचा कचरा वाहून आणण्यासाठी. माणसांची वाहतूक १९२४ पासून सुरू झाली. खाजणे, विहिरी, भातखाचरे आणि भरावाची डबकी यांनी वेढलेल्या अशा गावांत हिवतापाला निमंत्रणाची जरुरी नसे, आणि त्या काळच्या सरकारी पाहणीत एखाद्या गावात हिवताप किती रुजला आहे हे ठरवण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे तेथील मुलांना ओळीने उभे करून किती जणांची पाणथरी हाताला लागते त्याची मोजदाद करणे, हा होता. डेम्पस्टर नावाच्या लष्करी डॉक्टरने १८४० च्या दशकात यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत ही पद्धत प्रथम अवलंबिली. हिवतापाचा जंतू तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, डासाचा संबंध उलगडायला अजून अर्धशतक अवकाश होता, रक्ततपासणीची सोय नव्हती. तरीही एका तळहाताच्या साहाय्याने अख्ख्या परगण्याच्या आरोग्याची कैफियत लिहिता येत होती. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी. आणि त्यानंतरही कित्येक दशके प्लीहेचे हे मोजमाप सरकारी दप्तरात चालू राहिले.

मुंबईच्या हिवतापाची चौकशी चार्ल्स बेंटलीकडे सोपवण्यात आली आणि त्याचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. शहरात हिवताप पसरवणारा डास ॲनॉफेलिस स्टीफेन्साय हा असून तो घराघरांतल्या विहिरींच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. विहिरी बुजवाव्यात किंवा बंदिस्त कराव्यात असे हुकूम सुटू लागले, तेव्हा पारशी आणि हिंदू अशा दोन्ही समाजांतून धार्मिक कारणांसाठी हरकती आल्या, आणि झाकणाला जाळीचे दार ठेवण्यासारख्या तडजोडी निघाल्या. गॉर्डन कोव्हेलने १९२८ मध्ये मुंबईच्या हिवतापावर पुन्हा सविस्तर अहवाल सादर केला. पुढे मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड या जिल्ह्यांत १९४६ च्या सुमारास डीडीटीच्या फवारणीचा मोठा प्रयोग केला, आणि त्याचे यश जोखताना मुलांच्या प्लीहा किती प्रमाणात पूर्ववत झाल्या हीच एक प्रमुख कसोटी लावली गेली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना निघाली तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो असा अंदाज होता. काही वर्षांत हा आकडा लाखापर्यंत खाली आला, आणि दक्षता सैल पडताच १९७६ मध्ये चौसष्ट लाखांवर गेला. विहिरी गेल्या, परंतु स्टीफेन्साय डास गेला नाही. इमारतींच्या गच्चीवरील टाक्या आणि पुनर्विकासासाठी खणलेल्या खड्ड्यांतले पाणी त्याला विहिरीइतकेच मानवते.

वाढलेल्या पाणथरीचा एक धोका असा, की तिचे वेष्टण ताणले जाऊन ती साध्या आघातानेही फुटू शकते. हे वैद्यकीय सत्य आहे. पण इंग्रजी अमदानीत या सत्याचा जो वापर झाला तो वाचताना आजही मन विषण्ण होते. गोऱ्या मालकाने नोकराला मारहाण करावी, नोकर मरावा, शवविच्छेदनात प्लीहा फुटल्याचे निघावे, आणि ‘ती आधीच वाढलेली होती’ या सबबीवर आरोपी नाममात्र दंडावर सुटावा, असे अनेक खटले झाले. आग्र्याच्या फुलर या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले व तो मेला, तेव्हा दंडाधिकाऱ्याने तीस रुपये दंड केला; १८७६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली आणि त्यावरून मोठे वादळ उठले. हिवतापाने पोखरलेल्या गरिबाच्या देहातील रोगच त्याच्या मृत्यूला जबाबदार ठरावा आणि मारणारा हात मोकळा राहावा, यापरता अन्याय कोणता? वैद्यकाच्या इतिहासात हे प्रकरण सांगितले गेलेच पाहिजे.

मुंबईत आज बहुसंख्य रुग्ण व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचे असतात, आणि या जातीबद्दल अलीकडे एक विलक्षण गोष्ट उजेडात आली. इंडोनेशियातील पापुआ प्रांतात तिमिका येथे अपघातादी कारणांनी काढाव्या लागलेल्या प्लीहा संशोधकांनी तपासल्या, आणि २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केले, की वरकरणी निरोगी असलेल्या या माणसांच्या अंगातील व्हायव्हॅक्सच्या जिवंत जंतूंपैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक जंतू वाहत्या रक्तात नसून प्लीहेत दडलेले होते. जो अवयव जंतूंना पकडतो त्याच्याच आश्रयाला जंतूंचा मोठा जमाव राहतो, हे कळल्यापासून बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर आपण किती विसंबावे याचा फेरविचार करणे भाग पडले आहे.

इतर आजारांचा उल्लेख येथे ओझरताच करतो. विषमज्वरात पाणथरी किंचित वाढते व मऊ लागते. मद्यपानाने किंवा काविळीच्या जुनाट विषाणूने यकृत कठीण झाले, की रक्त मागे तुंबून ती फुगते. एका प्रकारच्या जुनाट रक्तकर्करोगात ती बेंबी ओलांडून ओटीपोटापर्यंत उतरते. प्लीहेची वाढ हा स्वतंत्र रोग क्वचितच असतो. ती कशामुळे वाढली याचा माग काढणे हेच डॉक्टरचे खरे काम.

चेंबूरच्या संदर्भात मात्र एका आजारापाशी थांबणे आवश्यक आहे. १९४७ च्या फाळणीने सिंधमधून उखडलेल्या कुटुंबांना मुंबई सरकारने लष्करी बराकींतून आसरा दिला. कल्याणजवळ त्यातून उल्हासनगर उभे राहिले, आणि इकडे चेंबूरचा कॅम्प. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनी स्वतःच्या उद्योगावर पुन्हा घरे-दुकाने उभारली, शाळा काढल्या, आणि चेंबूरला आजचे रूप देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या रक्तातून एक वारसाही आला: बीटा थॅलेसीमियाचा जनुक. हा जनुक भारतात सरासरी शंभरांत तीनचार जणांच्या अंगी असतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी अशा काही समाजांत त्याचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. यात कोणाचा काही दोष नाही आणि कमीपणाही नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या आणि पुढे व्यापकपणे मान्य झालेल्या उपपत्तीप्रमाणे, ज्या प्रदेशांत हिवतापाने पिढ्या कापल्या तिथे असा एक जनुक अंगी असलेली माणसे इतरांपेक्षा थोडी अधिक तगली, आणि म्हणून तो टिकला.

एकच सदोष जनुक असलेला वाहक माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो. आईबाप दोघेही वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणी चारांत एक अशी शक्यता, की मूल थॅलेसीमिया मेजर घेऊन जन्मेल. अशा बालकाच्या तांबड्या पेशी सदोष असतात, प्लीहा त्यांना अडवते, नष्ट करते, आणि करता करता स्वतः वाढत जाते. मग ती बाहेरून दिलेल्या रक्तातील चांगल्या पेशीही गिळू लागते, आणि दर दोनतीन आठवड्यांनी लागणारे रक्त पुरेनासे होते. पूर्वी अशा अनेक मुलांची प्लीहा काढावी लागे. आता लहानपणापासून पुरेसे रक्त वेळेवर दिले तर ती तितकी वाढतच नाही, आणि शस्त्रक्रिया पुष्कळदा टळते. टाळता न आली तरी मूल पाच वर्षांचे होईपर्यंत ती लांबणीवर टाकण्याचा प्रयत्न असतो. वारंवार रक्त दिल्याने अंगात साचलेले लोह उतरवणारे पोटात घ्यायचे पहिले औषध म्हणजे डेफेरिप्रोन; त्याला विक्रीचा परवाना जगात सर्वप्रथम भारतात मिळाला, १९९० च्या दशकाच्या मध्यास, आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणले. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था या आजाराचे गर्भावस्थेतील निदान करते. वाहक कोण हे एका साध्या रक्तचाचणीने समजते. पत्रिका जुळवण्याआधी ही चाचणी व्हावी, निदान गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तरी व्हावी, ही गोष्ट प्रत्येक घराने मनावर घेतली पाहिजे.

विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी व इतर समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात याच्या उलट क्रम दिसतो. कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी प्लीहेच्या बारीक वाहिन्या तुंबवत जातात, तिचे भाग एकामागून एक मृत होतात, आणि शस्त्र न लावताही ती आतल्या आत आक्रसून निकामी होते. आपल्याकडील रुग्णांत ही प्रक्रिया आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सावकाश चालते व वाढलेली प्लीहा अधिक वर्षे टिकते. पण आकाराने उरलेली प्लीहा कामास उरलेली असतेच असे नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, तिच्या तपासणीला म्हणूनच मोठे महत्त्व आहे.

प्लीहा गेल्यावर नेमके काय होते, हे वैद्यकाला उशिरा कळले. अमेरिकेतील किंग आणि शुमाकर या शल्यविशारदांनी १९५२ साली पाच अर्भकांची हकिगत प्रसिद्ध केली. तांबड्या पेशींच्या जन्मजात विकारासाठी त्यांची प्लीहा काढली होती, आणि नंतर त्यांना भयंकर जंतुसंसर्गाने गाठले. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन प्लीहा गमावलेल्या ७४० अमेरिकन सैनिकांचा मागोवा १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात न्यूमोनियाने आणि हृदयविकाराने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. प्लीहा नसलेल्यांना गाठणारा हा जंतुसंसर्ग विरळा आहे, पण तो आला म्हणजे सकाळी अंग मोडून आलेला माणूस रात्रीपर्यंत मृत्युशय्येवर असू शकतो, आणि जवळजवळ निम्मे रुग्ण दगावतात. शस्त्रक्रियेनंतरची पहिली काही वर्षे धोका सर्वाधिक असला तरी तो जन्मभर सुटत नाही. हिवतापही अशा माणसात उग्र रूप धरतो. आणि कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीखेरीज प्रतिजैविकही त्याच दिवशी सुरू करावे लागते, कारण कुत्र्याच्या लाळेतील एक जंतू प्लीहा नसलेल्या देहात झपाट्याने फैलावतो.

म्हणूनच आजचे शल्यविशारद फुटलेली प्लीहाही शक्य तितकी राखण्याची खटपट करतात. लोकलमधून पडलेला प्रवासी किंवा शीव-पनवेल रस्त्यावर दुचाकीवरून घसरलेला तरुण इस्पितळात आला आणि त्याचा रक्तदाब स्थिर असला, तर स्कॅन काढून, निजवून ठेवून, सतत पाळत ठेवून पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून निभते. मुलांच्या बाबतीत तर बहुतेक वेळा निभते. डाव्या बरगडीवर मार बसल्यानंतर डावा खांदा दुखू लागला, तर खांद्याला काही लागले नसतानाही दुखतो आहे हे लक्षात घेऊन तात्काळ रुग्णालय गाठावे. पोटात साचणारे रक्त छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला डिवचते आणि त्याची वेदना खांद्यात उमटते.

वाचकांना माझी विनंती एवढीच, की आपल्या घरात, शेजारात, नात्यागोत्यात अपघातामुळे, थॅलेसीमियामुळे किंवा प्लेटलेटांच्या विकारामुळे कोणाची पाणथरी काढलेली असेल, तर त्या शस्त्रक्रियेचा जुना कागद शोधून काढावा आणि डॉक्टरांना भेटून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिमोफिलस या तिघांविरुद्धच्या लसी घेतल्या आहेत का, पुन्हा केव्हा घ्यायच्या, दरवर्षी फ्लूची लस हवी का, हे विचारून घ्यावे. शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर या लसी किमान दोन आठवडे आधी द्याव्यात. ‘प्लीहा काढलेली आहे’ असे लिहिलेली चिठ्ठी त्या माणसाने सदैव खिशात बाळगावी. आणि त्याला थंडी वाजून ताप भरला, तर पॅरासिटॅमॉलची गोळी देऊन सकाळची वाट न पाहता त्याच रात्री त्याला इस्पितळात न्यावे.